गणपतीच्या गावातले शेजारी

पेण म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? पोहे, पापड आणि गणपती. आणि हमरापूर म्हटलं तर? बहुतेक मैत्रिणी विचारतात, "हे कुठं आलं गं?" पण गंमत अशी की तुमच्या घरी भाद्रपदात पाटावर बसणारा बाप्पा कदाचित आमच्याच गावच्या ओटीवर रंगलेला असतो. तेव्हा आज तुम्हाला आमच्या गावची थोडी ओळख करून द्यावी म्हणते. बाप्पाची नाही, ती तुम्हाला आहेच. त्याच्या आसपास राहणाऱ्या, भाडं न देणाऱ्या शेजाऱ्यांची!

मुंबईहून गोव्याच्या रस्त्यानं निघालात की पनवेल मागे पडतं, कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो, मग खारपाड्याला पाताळगंगेचा पूल लागतो आणि पेणच्या अलीकडे हमरापूरचा फाटा येतो. आगगाडीनं यायचं तर रोह्याच्या मार्गावर जिते आणि पेण यांच्यामध्ये आमचं एवढंसं स्टेशन आहे. हमरापूर, कळवे, जोहे, तांबडशेत या सगळ्या पट्ट्यात घरोघरी गणपतींचे कारखाने. 'कारखाना' शब्दानं दचकू नका हं. ना भोंगा, ना धुराडं. पत्र्याची शेड, ताडपत्रीचा आडोसा, बांबूच्या मांडण्या आणि त्यांवर ओळीनं बसलेले पांढरे बाप्पा. घरातल्या बायका स्वयंपाक आटोपून रंगाची वाटी घेऊन बसतात. पितांबराला पिवळा, शेल्याला लाल, आणि शेवटी जाणत्या हातानं डोळ्यांची आखणी.

गावाच्या एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खारेपाट. खारेपाट म्हणजे खाडीचं पाणी मातीच्या बांधांनी अडवून मिळवलेली भातशेती. बांधाला जागोजाग उघाड्या असतात. त्यांतून पावसाचं जास्तीचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. मोठ्या उधाणाला बांधाला खांडी गेल्या की एका रात्रीत शेत खारट होतं. बांधापलीकडे तिवरांचं रान, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, चिंबोऱ्यांची बिळं आणि पाण्याच्या कडेला ध्यान लावून बसलेले बगळे. डोंगर, शेत, खाडी अशी तीन राज्यं एकमेकांना चिकटून असल्यामुळे तिन्हींकडची प्रजा आमच्याकडे ये-जा करते.

माझं माहेर डोंबिवलीचं. बी. ए. होऊन, लग्न करून मी इथं आले. आता बारा वर्षं झाली. घर सांभाळून जवळच्या शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. डोंबिवलीत आमच्या ओळखीचे प्राणी म्हणजे कावळे, मांजरं आणि झुरळं! इथं पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीघराच्या मोरीतून एक भलामोठा बेडूक माझ्याकडे असा पाहत होता, की आगंतुक तो नव्हे, मीच. संध्याकाळी तिवरांच्या बाजूनं कोल्हेकुई सुरू झाली तेव्हा मी घाबरून दार लावून घेतलं. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, ते आपल्या घरी नाही यायचे. त्यांना चिंबोऱ्या पुरतात." त्याच सासूबाई दिवेलागणीनंतर 'साप' हा शब्द मात्र उच्चारत नाहीत. "लांबडं" म्हणायचं, नाहीतर "जनावर". नाव घेतलं की येतो, असा समज!

नाव न घेताही तो येतोच म्हणा. कारण उघड आहे. कारखान्यात काथ्या, पेंढा, रिकामी पोती, जेवणाच्या डब्यांतलं सांडलेलं, म्हणजे उंदरांना माहेरच. आणि उंदीर तिथं साप. आमच्या शेजारच्या कारखान्यात एकदा न रंगवलेल्या मूर्तींच्या मागं नाग निघाला. पोरांनी काठ्या उचलल्या. मालक बुजुर्ग, ते शांतपणे म्हणाले, "अरे, बाप्पाच्या पोटाला पट्टा कोणाचा आहे? रोज हातानं घडवता, मग आज जिवंत दिसला तर मारता?" सर्पमित्राला फोन केला. तो येईपर्यंत एकानं लांबून नजर ठेवली, बाकीचे बाहेर उभे राहिले. मूर्ती, मूर्तीपुढचा उंदीर आणि कमरेचा नाग असे तिघंही एका छपराखाली हजर होते त्या दिवशी! संध्याकाळी तो नाग बरणीतून बांधाकडच्या रानात गेला.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, छान आहे गाव, सगळे प्राणिमित्र! तसं नाही. भीती खरी असते आणि तिला कारणंही असतात. चार वर्षांपूर्वीच्या आषाढातली हकिगत सांगते.

आषाढ म्हणजे आमच्याकडे लग्नघाईच. मूर्ती बाहेरगावी पाठवायच्या असतात, रात्ररात्र काम चालतं. डोंगराच्या कडेच्या वाडीवरची काही कुटुंबं तेव्हा कारखान्यातच मुक्कामाला असतात. जमिनीवर गोणपाट टाकायचं आणि पाठ टेकायची. अशाच एका कुटुंबातली दहा वर्षांची मुलगी, माझ्याच शाळेतली, पहाटे चारला पोटात दुखतंय म्हणून उठली. आईनं ओवा दिला. मग उलटी झाली. सगळ्यांना वाटलं, रात्रीचं कालवण बाधलं. अंगावर कुठं जखम नाही, सूज नाही, काही चावल्याचं तिला आठवत नाही. उजाडता उजाडता तिच्या पापण्या मिटायला लागल्या. "झोप येतेय," असं ती म्हणत होती, पण शब्द जड येत होते.

मालकीणबाई आमच्या बचत गटातल्या. आदल्या उन्हाळ्यात गटाच्या बैठकीत एका डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं: जमिनीवर झोपलेलं माणूस, पहाटे पोटदुखी, खूण कुठंच नाही आणि पापण्या उघडत नाहीत, तर दुसरं काही शोधत बसू नका, मण्यार समजा. मूर्ती भरून टेंपो दारात उभा होता. तो रिकामा करायलाही कोणी थांबलं नाही. पुढच्या सीटवर माय-लेकींना बसवलं आणि मागं बाप्पांसकट टेंपो दवाखान्याकडे पळाला. तिथं लस सुरू झाली, श्वास मंदावला तसं मोठ्या रुग्णालयात हलवलं. चार दिवस ती कृत्रिम श्वासावर होती. नवव्या दिवशी घरी आली.

भगिनींनो, मण्यारीबद्दल हे सगळ्याजणींनी समजून घ्यायला हवं. ती निशाचर. अंधारात उंदीर, पाली, दुसरे साप शोधत फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाचा हात अंगावर पडला की चावते. दात बारीक, वेदना जवळजवळ नाहीच, म्हणून माणूस जागाही होत नाही. विष मज्जासंस्थेवर काम करतं. आधी पापण्या, मग घसा, मग श्वासाचे स्नायू थकत जातात. श्वास यंत्रानं चालू ठेवला आणि लस मिळाली, तर माणूस पूर्ण बरा होतो. आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर जे काम केलं त्याचं नाव जगभर झालं. प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि जिथं शंभरातले चाळीसेक रोगी दगावत, तिथं हे प्रमाण एकावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मण्यार आणि नागाच्या दंशावरही त्यांनी कोकणातल्याच रुग्णांवरून लिहिलं आहे. म्हणजे आपल्या परसातल्या या दुखण्यांचं ज्ञान आपल्याच मातीत तयार झालेलं आहे!

पण त्या दिवशी असं काही बोलायची वेळ नव्हती. दुपारी गावातल्या पोरांनी काठ्या घेऊन दोन धामणी आणि एक दिवड मारली. तिघंही बिनविषारी. मण्यार सापडलीच नाही. मी दारात उभी राहून पाहिलं आणि कोणाला अवाक्षर बोलले नाही. मुलगी जगते की नाही ठाऊक नसताना कोणाच्या आईसमोर निसर्गावर प्रवचन करायचं नसतं. त्याच महिन्यात पंचक्रोशीतल्या एका आजोबांना बांधावर घोणस चावली होती. त्यांना आधी मांत्रिकाकडे नेलं, त्यात दोन तास गेले. ते वाचले नाहीत. तेव्हा लोकांचा राग कुठून आला, हे मला कळत होतं.

ही गोष्ट एकट्या हमरापूरची नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक खेड्यापाड्यांतली आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्यात ठरवलं आहे.

मुलगी घरी आल्यावर आठवड्याभरानं आमच्या गटाची बैठक झाली. एकजण म्हणाली, सगळी बिळं पेटवून द्या. दुसरी म्हणाली, गारुडी बोलवा. मग त्या मुलीची आई, जी कधीच बोलत नाही, ती म्हणाली, "बाई, किती साप मारणार? रात्रीला तो दिसतो का? तुम्ही आम्हाला जमिनीवरून उचला, एवढं करा."

सगळ्या गप्प झाल्या. खरंच, एवढंच तर करायचं होतं!

मालकीणबाईंनी जुन्या फळ्यांचे हातभर उंच माचे करून घेतले. गटाच्या पैशांतून मच्छरदाण्या आल्या. मच्छरदाणी नुसती लोंबत ठेवायची नाही, अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचायची, हे मुलांना दोनदा दाखवलं. डास आणि मण्यार दोघंही बाहेर! पोती आणि काथ्या भिंतीपासून सुटा, फळीवर ठेवला. डब्यातलं उष्टं झाकणाच्या बादलीत. भिंतीतली बिळं सिमेंटनं बुजवली, मोरीच्या तोंडाला जाळी बसवली. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि पायात काहीतरी, हा नियम पोरासोरांनाही. पुढच्या वर्षी आणखी पाच कारखान्यांनी माचे केले. साप मारण्याबद्दल मी तेव्हाही भाषण केलं नाही. पण अंगावर येण्याची भीती कमी झाली तसे हातातल्या काठ्याही हळूहळू खाली आल्या.

त्यानंतर मुलांशी बोलणं सोपं झालं. शाळेत आम्ही चार विषारी सापांची चित्रं लावली: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. शेजारी धामण, दिवड आणि कवड्या. कवड्या आणि मण्यार यांत घोटाळा होतो, म्हणून ओळख पटो न पटो, हात लावायचा नाही हा पहिला धडा. वाडीवरच्या मुलांना माझ्याहून जास्त माहिती आहे. धामण कुठल्या बांधाला असते, दिवड डबक्यातले बेडूक कशी धरते, हे ती मला शिकवतात आणि मी ते फळ्यावर लिहिते. धामण गाईचं दूध पिते, साप डूख धरतो, या गोष्टीही निघतात. सापाला दूध पचत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो तो तहानेनं व्याकूळ झालेला असतो म्हणून. हे कळल्यापासून आमच्याकडच्या मुली पाटावर नाग काढून पूजा करतात आणि गारुडी आला तर त्याला कायदा सांगतात! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं साप पकडून त्याचा खेळ करणं गुन्हा आहे.

एका कारखान्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाच्या जोडीनं पिल्लं काढली होती. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, रात्री घशातून खरखर आवाज. कामगार म्हणाले, अपशकुन, हुसकून लावा. काकूंनी, म्हणजे मालकांच्या आईनं, ठणकावून सांगितलं, "लक्ष्मीचं वाहन आहे ते. आणि रोज रात्री उंदीर नेतंय, तुमच्यासारखा आगाऊ पगार मागत नाही!" पिल्लं उडून जाईपर्यंत त्या कोपऱ्यातला दिवा लावायचा नाही असं ठरलं, आणि ते सगळ्यांनी पाळलं.

सगळेच प्रश्न असे सुटत नाहीत. बांधाला खांडी जाऊन खारं पाणी आत राहिलं की शेतात तिवरं उगवतात. तिवरांमुळे माशांची पिलावळ वाढते, लाटांचा जोर मोडतो, कोल्ह्यांना आडोसा मिळतो. २०१८ साली उच्च न्यायालयानं त्यांची तोड करायला राज्यभर मनाई केली, ती योग्यच. पण ज्याच्या आजोबांनी त्याच जमिनीत भात काढला, त्या शेतकऱ्याला तिवर दिसलं की शेत गेलं असं वाटतं, आणि त्यालाही मी चूक म्हणू शकत नाही. बांध वेळेवर दुरुस्त झाले तर दोघांचंही साधेल. प्लॅस्टरच्या मूर्तींचंही तसंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० च्या सूचनांत प्लॅस्टर नको म्हटलं. पाण्यातल्या जिवांसाठी ते हवंच आहे. पण प्लॅस्टर हलकं, लवकर सुकणारं, स्वस्त, आणि शेकडो घरांची चूल त्यावर चालते. शाडू जड, सुकायला वेळ घेणारा, नाजूक. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून एवढं करा: शाडूची लहान मूर्ती मागा, ती श्रावणात नव्हे तर उन्हाळ्यातच सांगून ठेवा, आणि चार पैसे जास्त पडले तर घासाघीस करू नका. मागणी बदलली की हात बदलतात.

आता तुमच्या घरासाठी थोडं. साप घरात आला तर मुलांना बाहेर काढा, लांबून नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करा. चावलाच तर घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. बांगड्या, अंगठ्या काढा, हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं लस असलेल्या दवाखान्यात न्या. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. सापाला मारून बरोबर न्यायची गरज नाही. आपल्याकडची लस या चारही सापांवर चालते. चावल्याची वेळ तेवढी लिहून ठेवा. हा कागद स्वयंपाकघरात डब्यांच्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवा, आमच्याकडे तसाच आहे.

आणि जमलं तर आमच्याकडे या. पावसाळ्यात आलात तर वाटेत कर्नाळ्याला थांबा. १९६८ साली अभयारण्य झालेलं हे रान जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं आहे. ओढ्याच्या काठच्या मातीत बीळ करून राहणारा तिबोटी खंड्या, निळा-जांभळा-केशरी, मुठीत मावेल एवढा, तिथं दिसला तर दिवस सार्थकी लागेल. थंडीत आलात तर सकाळी बांधावर चला. मुलं तुम्हाला बगळ्यांचे प्रकार सांगतील. त्यांत एक उंच झालेली मुलगी असेल, आता आठवीत आहे. ती फारसं बोलणार नाही, पण गवतात पाय टाकण्याआधी काठीनं जमिनीवर हलकेच आपटेल आणि तुम्हाला म्हणेल, "थांबा काकू, आधी त्याला जाऊ द्या."